लॉगिन एकाचे, हात दुसऱ्याचे

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात संगणक एक असतो आणि त्याला हात लावणारे पंधरा-वीस. सकाळी आठला निवासी डॉक्टर येतो, आपल्या नावाने लॉगिन करतो, राउंडच्या नोंदी टाकतो आणि थिएटरकडे पळतो. त्याच उघड्या स्क्रीनवर मग इंटर्न रक्ताचे रिपोर्ट पाहतो, सिस्टर औषधांचा इंडेंट भरतात, दुपारी दुसरा निवासी डॉक्टर दोन डिस्चार्ज कार्डे तयार करतो. रात्री दोन वाजता कोणीतरी १४ नंबरच्या खाटेवरच्या रुग्णाला शिरेतून पोटॅशियम द्यायची ऑर्डर टाकते. संगणकाच्या लेखी सकाळपासूनचे हे सगळे काम एकाच माणसाने केलेले असते, आणि तो माणूस त्या वेळी हॉस्टेलवर झोपलेला असतो.

बहुतेक रात्री यातून काहीच बिघडत नाही. ज्या रात्री बिघडते, त्या रात्री मात्र नोंदीतले नाव महत्त्वाचे ठरते. ड्युटीवरच्या सिस्टरला डोस जास्त वाटला तर त्या स्क्रीनवर दिसणाऱ्या नावाला फोन लावतात. झोपेतून उठलेला डॉक्टर म्हणतो, ‘मी अशी ऑर्डर दिलीच नाही.’ मग दिली कोणी, याचा शोध सुरू होतो आणि सलाइनची बाटली तोवर चालूच असते. पुढे चौकशी बसली तर उलटा प्रकार. ज्याचे नाव आहे त्याला आपण तिथे नव्हतो हे सिद्ध करावे लागते आणि ज्याने चूक केली त्याला ती आपली होती हे कदाचित कधी कळतही नाही. पोटॅशियमच्या बाबतीत ही केवळ कागदी अडचण नाही. ते शिरेतून भराभर गेले तर हृदय थांबते.

अशा वेळी प्रशासनाकडून जे परिपत्रक निघते त्यातले वाक्य ठरलेले असते: कोणीही आपला पासवर्ड दुसऱ्यास देऊ नये. ते परिपत्रक मॉनिटरशेजारी चिकटवले जाते, अनेकदा पासवर्ड लिहिलेल्या चिठ्ठीच्या वर. पण वर सांगितलेल्या प्रसंगात पासवर्ड कोणी कोणाला दिलेलाच नाही. तो एकदाच, ज्याचा होता त्यानेच टाकला. प्रश्न त्यानंतरचा आहे. एकदा ओळख पटल्यावर ती ओळख किती वेळ आणि कशाच्या आधारावर टिकवायची, हे त्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी ठरवलेले असते. बऱ्याचदा तर कोणीच ठरवलेले नसते, जे मुळात होते तेच पुढे चालू राहिलेले असते. रुग्णसुरक्षेच्या चर्चेत हा मुद्दा जवळजवळ कधीच येत नाही, कारण तो ‘कॉम्प्युटरवाल्यांचा’ समजला जातो.

तो समजायला अवघड नाही. ओपीडीच्या खिडक्या आठवाव्यात. नोंदणीच्या खिडकीवर नाव-गाव सांगून केसपेपर काढला, तरी एक्स-रेच्या खिडकीवर पुन्हा ‘केसपेपर?’ असेच विचारतात, औषधांच्या खिडकीवरही तेच. तिथल्या माणसाला समोरचा चेहरा आठवत नाही, आठवण्याची त्याच्याकडून अपेक्षाही नाही. त्याच्या दृष्टीने रुग्णाची ओळख म्हणजे हातातला कागद. इंटरनेटवर पाने देण्या-घेण्याची जी पद्धत आहे, ती नेमकी अशीच विसराळू आहे. ब्राउझर सर्व्हरकडे एक मागणी पाठवतो, सर्व्हर उत्तर देतो आणि तिथेच विषय संपतो. दोन सेकंदांनी त्याच माणसाची दुसरी मागणी आली तरी सर्व्हरला ती अनोळखीच. मेंदूच्या काही आजारांत रुग्णाच्या नव्या आठवणी तयारच होत नाहीत. डॉक्टर पाच मिनिटांनी खोलीत परत आले की तो पुन्हा नव्याने नमस्कार करतो. सर्व्हर जन्मतःच तसा आहे.

या विसराळूपणावर १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या अभियंत्याने तोड काढली. गरज आरोग्याची नव्हती, दुकानाची होती: गिऱ्हाइकाने टोपलीत काय टाकले ते पुढच्या पानावर लक्षात राहावे. त्याने सर्व्हरकडून ब्राउझरला एक छोटी चिठ्ठी द्यायची आणि पुढच्या प्रत्येक मागणीसोबत ब्राउझरने ती परत दाखवायची, अशी सोय केली. या चिठ्ठीला कुकी म्हणतात. आज बँक, रेल्वेचे तिकीट आणि रुग्णालयाची नोंद या सगळ्यांचे लॉगिन बहुतांशी या चिठ्ठीवर किंवा तिच्या एखाद्या भावंडावर टिकून असते.

आता ही चिठ्ठी कशी असावी याचे दोन मार्ग आहेत, आणि पायथन या संगणकभाषेत काम करणाऱ्यांना ते दोन्ही तयार मिळतात. पायथन इथे मुद्दाम घेतली आहे, कारण आरोग्यक्षेत्रात तिचा वापर बराच आहे. ‘जीएनयू हेल्थ’ ही खुली रुग्णालय प्रणाली पायथनमध्ये आहे. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयासाठी सुरू झालेल्या ‘बाह्मनी’ प्रणालीत बिलांचा आणि औषधसाठ्याचा भाग पायथनमधल्या ओडूवर चालतो. केरळात २०२० मध्ये कोविडच्या काळात उभी राहिलेली ‘केअर’ ही प्रणाली जँगो या पायथनच्या साच्यावर बांधलेली आहे. अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका दैनिकाच्या कचेरीत जँगो तयार झाला आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्याचे नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून ठेवलेले आहे. १९२८ मध्ये आगीत भाजल्याने त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली आणि उरलेल्या दोन बोटांनी त्याने जॅझ गाजवले. हाताच्या पुनर्वसनावर बोलताना कोणत्याही डॉक्टरला आवडावे असे उदाहरण, पण ते असो.

जँगोची मुळातली पद्धत रेकॉर्ड रूमची आहे. लॉगिन झाले की सर्व्हर ३२ अक्षर-अंकांचा एक अटकळ न बांधता येणारा क्रमांक तयार करतो, आपल्या वहीत त्या क्रमांकापुढे ‘हा अमुक वापरकर्ता’ असे लिहितो आणि फक्त क्रमांक ब्राउझरला देतो. पुढच्या प्रत्येक मागणीला क्रमांक पाहायचा, वही उघडायची, नाव वाचायचे. या नोंदीला सेशन म्हणतात. याचा मोठा फायदा असा की वही सर्व्हरच्या ताब्यात असते. ओळ खोडली की त्या क्षणी क्रमांक निरुपयोगी.

फ्लास्क हा पायथनचा दुसरा लोकप्रिय साचा मुळात वेगळे करतो. तो वही ठेवत नाही. मजकूरच चिठ्ठीवर लिहून, त्यावर आपली गुप्त मोहोर उठवून ती ब्राउझरच्या हाती देतो. रुग्णाने स्वतःजवळ बाळगलेल्या सही-शिक्क्याच्या डिस्चार्ज कार्डासारखे हे आहे. त्यात खाडाखोड केली तर पकडली जाते, पण ते वाचता कोणालाही येते. आणि एकदा दिलेले कार्ड रुग्णालयाला परत मागवता येत नाही. मोबाइल अॅपसाठी वापरली जाणारी टोकने बहुधा याच जातीची, फक्त त्यांच्यावर मुदतीची वेळ छापलेली असते. तीन वर्षे पूर्ण करून निवासी डॉक्टर नोकरी सोडून गेला, त्याचे खाते बंद केले, तर जँगोच्या वहीच्या पद्धतीत पुढच्याच मागणीला दार बंद होते. निव्वळ टोकनवर विश्वास ठेवणाऱ्या प्रणालीत मात्र मुदत संपेपर्यंत ते उघडे राहते. रुग्णालयात दर सहा महिन्यांनी माणसे बदलतात. तिथे वहीची पद्धतच योग्य, किंवा टोकन असलेच तर दर वेळी सर्व्हरने खाते चालू आहे ना हे पाहायला हवे. सोय म्हणून टोकन निवडणाऱ्या कंपन्यांना हे विचारणारे कोणी नसते, ही खरी गोम आहे.

चिठ्ठी चोरीलाही जाऊ शकते. ज्याच्या हाती क्रमांक, तो सर्व्हरच्या दृष्टीने तुम्ही. २०१० मध्ये एरिक बटलर याने ‘फायरशीप’ नावाचे साधन प्रसिद्ध करून दाखवून दिले होते की खुल्या वायफायवर शेजारच्या टेबलावरच्या माणसाची कुकी उचलून त्याच्या खात्यात शिरणे ही दोन क्लिकांची गोष्ट आहे. त्यानंतर मोठ्या संकेतस्थळांनी सगळी वाहतूक कुलूपबंद करायला सुरुवात केली. रुग्णालयांच्या अंतर्गत जाळ्यात ‘आतलेच तर आहे’ म्हणून हे कुलूप अजूनही राहून जाऊ शकते, कारण जँगोत कुकी फक्त कुलूपबंद वाटेनेच पाठवायची हे सेटिंग मुळात बंद असते आणि ते आठवणीने चालू करावे लागते.

पण वॉर्डातला प्रश्न चोरीचा नाही. तिथे चिठ्ठी कोणी पळवत नाही. ती टेबलावर तशीच पडलेली असते आणि जो येईल तो वापरतो.

जँगोत सेशनची मुळातली मुदत १२,०९,६०० सेकंद आहे, म्हणजे बरोबर दोन आठवडे. ब्राउझर बंद केला तरी ती संपत नाही. फ्लास्कमध्ये सेशन ‘कायम’ ठेवायचे ठरवले तर मुळातली मुदत ३१ दिवस. हे आकडे चुकीचे नाहीत. ते घरी स्वतःच्या लॅपटॉपवर बातम्या वाचणाऱ्या माणसासाठी ठरवलेले आहेत, आणि त्याला रोज पासवर्ड मागणे हा जाच ठरेल. तोच आकडा न बदलता वॉर्डात आला की अर्थ असा होतो: सोमवारी लॉगिन करून गेलेला डॉक्टर पुढच्या रविवारी सुटीवर गावी असला तरी संगणकाच्या मते खुर्चीत बसलेला आहे.

मग कोणीतरी तक्रार करते आणि मुदत १५ मिनिटांवर आणली जाते. इथे दुसरे दुखणे सुरू होते, आणि ते अनेक डॉक्टरांनी कारण न कळता सोसलेले आहे. जँगोत मुदत मुळात शेवटच्या वापरापासून मोजली जात नाही, सेशनमध्ये शेवटचा बदल झाला तेव्हापासून मोजली जाते. साध्या वापरात तो बदल म्हणजे लॉगिनच. त्यामुळे नुसता आकडा १५ मिनिटांवर आणला की माणूस सलग काम करत असला तरी सोळाव्या मिनिटाला बाहेर फेकला जातो. प्रत्येक मागणीला मुदत पुढे ढकलावी यासाठी दुसरे एक सेटिंग आहे, तेही मुळात बंद असते.

ते चालू केले तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही, आणि या विषयाची खरी मेख इथे आहे. सर्व्हरला माणूस दिसत नाही, फक्त मागण्या दिसतात. गुंतागुंतीच्या रुग्णाचे डिस्चार्ज कार्ड टाइप करायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. त्या काळात डॉक्टरची बोटे कीबोर्डवर सतत चाललेली असतात, पण सर्व्हरकडे एकही मागणी जात नाही; टाइप केलेले सगळे ब्राउझरमध्येच साठलेले असते. सर्व्हरच्या मते हा माणूस पंचवीस मिनिटांपूर्वी उठून गेला. ‘सेव्ह’ दाबले की समोर लॉगिनचे पान येते आणि लिहिलेले सगळे जाते. ज्याच्यावर हे दोनदा ओढवले तो तिसऱ्या वेळी काय करतो? कार्ड आधी वर्डमध्ये टाइप करून डेस्कटॉपवर ठेवतो. रुग्णाचे नाव, निदान, एचआयव्हीचा रिपोर्ट असलेली अशी फाइल मग कोणत्याही लॉगिनशिवाय कोणालाही उघडता येते. एचआयव्हीबाधितांच्या माहितीच्या गोपनीयतेसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याचा भंग इथे कोणाच्याही वाईट हेतूशिवाय, चुकीच्या जागी लावलेल्या घड्याळामुळे होतो.

याच्या बरोबर उलट प्रकार सिस्टरांच्या टेबलावर घडतो. तिथे खाटांची स्थिती दाखवणारे पान दिवसभर उघडे असते आणि ते दर अर्ध्या मिनिटाने आपोआप ताजे होते. दर वेळी ताजे होताना ते सर्व्हरकडे मागणी पाठवते. मागणी पुढे ढकलणारे सेटिंग चालू असेल तर सर्व्हर समजतो, माणूस अगदी तत्पर काम करतो आहे. खोलीत कोणीही नसले तरी ते सेशन मरत नाही. म्हणजे जो काम करतो आहे त्याला यंत्र गैरहजर धरते, आणि जो गेला आहे त्याला हजर. हे दोन्ही एकाच सॉफ्टवेअरमध्ये, एकाच मजल्यावर घडू शकते. सुरक्षेसाठी मुदत कमी केली, असे कागदोपत्री लिहून प्रशासन मात्र निर्धास्त असते.

दर पंधरा मिनिटांनी पासवर्ड मागणाऱ्या आणि लॉगिनला मिनिटभर घेणाऱ्या प्रणालीत लोक काय करतात, हे इंग्लंडमध्ये फार पूर्वी दिसले आहे. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने कर्मचाऱ्यांना स्वतंत्र स्मार्टकार्डे दिली. २००७ मध्ये साउथ वॉरिकशायरच्या रुग्णालय ट्रस्टने आपल्या अपघात विभागात ही कार्डे वाटून वापरायला परवानगी दिल्याचे उघड झाले, कारण प्रत्येक लॉगिनला ६० ते ९० सेकंद लागत होते. त्यावर नियमभंग म्हणून टीका झाली, आणि नियमाच्या दृष्टीने ती रास्तच होती. पण अपघात विभागात दीड मिनिट म्हणजे काय हे ठाऊक असलेला कोणीही त्या डॉक्टरांना दोष देताना अडखळेल. तेरा वर्षांनी, २०२० मध्ये, ब्रिटनच्या आरोग्यमंत्र्यांनी केवळ लॉगिनचा वेळ कमी करण्यासाठी चार कोटी पौंड जाहीर केले. लिव्हरपूलच्या ॲल्डर हे बालरुग्णालयाचे उदाहरण तेव्हा दिले गेले. तिथे लॉगिनचा वेळ एक मिनिट ४५ सेकंदांवरून १० सेकंदांवर आला होता आणि दिवसाला जवळपास पाच हजार लॉगिन होत असल्याने रोजचे १३० हून अधिक मनुष्यतास वाचत होते. वाचलेले तास हा एक लाभ. दुसरा लाभ हिशेबात धरला गेला की नाही कोणास ठाऊक, पण तो मोठा आहे: लॉगिनला दहाच सेकंद लागत असतील तर दुसऱ्याच्या नावावर काम करण्याचे कारणच उरत नाही.

दुसऱ्याचे लॉगिन वापरणे ही आपल्याकडच्या बेशिस्तीची खूण आहे, असे मानणाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली एक पाहणी पाहावी. त्यात २९९ वैद्यकीय कर्मचारी आणि विद्यार्थ्यांपैकी ७३.६ टक्के जणांनी दुसऱ्याचा पासवर्ड कधी ना कधी वापरल्याचे सांगितले. निवासी डॉक्टरांमध्ये तर हे प्रमाण शंभर टक्के होते. जिथे प्रत्येक जण नियम मोडतो तिथे नियमाची रचना तपासावी लागते. हात धुण्याच्या बाबतीत वैद्यकाने हे शिकून घेतले आहे. नुसत्या सूचनांनी भागले नाही म्हणून निर्जंतुक द्रव खाटेच्या पायथ्याशी आणून ठेवावा लागला.

एक विसंगती आपल्याकडे विशेष बोचणारी आहे. अमेरिकेला औषधे निर्यात करणाऱ्या कारखान्यांना तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचे १९९७ पासूनचे नियम लागू होतात. इलेक्ट्रॉनिक नोंदीवर सही करताना, सेशन चालू असले तरी, सही करणाऱ्याने आपली ओळख पुन्हा पटवावी लागते. भारतातल्या काही कारखान्यांना त्या प्रशासनाने दिलेल्या इशारापत्रांत प्रयोगशाळेतल्या सामायिक पासवर्डांवर स्पष्ट बोट ठेवलेले आहे. म्हणजे गोव्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात तयार होणारी गोळी अमेरिकेला जाणार असेल, तर ती तपासणाऱ्या माणसाची ओळख प्रत्येक सहीला पक्की. तीच गोळी आपल्या वॉर्डात रुग्णाच्या तोंडात घालायची ऑर्डर मात्र कोणाच्याही उघड्या लॉगिनवर चालते. वैद्यकीय महाविद्यालयातल्या अध्यापकांची हजेरी आधारशी जोडलेल्या यंत्रणेवर लागते. प्राध्यापक आले की नाही हे सरकारला पक्के ठाऊक असते. पोटॅशियम कोणी लिहिले हे नसते.

औषध कारखान्यांच्या या नियमातच उपायाचे सूत्र आहे. पाहण्याची परवानगी आणि करण्याची जबाबदारी या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. रिपोर्ट पाहणे, खाटांची यादी पाहणे यासाठी एकदा उघडलेले सेशन काही काळ चालू राहिले तर फारसे बिघडत नाही. ऑर्डर देणे, डोस बदलणे, रक्त मागवणे, मृत्यूची नोंद करणे, डिस्चार्ज कार्डावर सही करणे या क्षणांना मात्र यंत्राने विचारावे: आत्ता इथे कोण आहे? चार-सहा आकड्यांचा वैयक्तिक पिन, किंवा ओळखपत्र टेकवणे, पुरे. इन्सुलिन आणि पोटॅशियमसारख्या धोक्याच्या औषधांसाठी दोघांनी तपासण्याची पद्धत अनेक वॉर्डांत कागदावर आहेच. तीच स्क्रीनवर आणायची आहे.

बाकीचे बदल लहान आहेत. दोन-तीन मिनिटे कोणी कीबोर्ड-माऊसला हात लावला नाही तर पडदा झाकला जावा, काम मात्र जिथल्या तिथे राहावे. हा निर्णय ब्राउझरमध्ये घ्यायचा, कारण बोटे चालतात की नाही हे त्यालाच कळते. पुढच्याने आपले ओळखपत्र टेकवले तर त्याचे सेशन उघडावे, आधीच्याचे अर्धवट डिस्चार्ज कार्ड त्याच्या नावावर सर्व्हरमध्ये जपून ठेवलेले असावे. ते ब्राउझरमध्ये जपले तर सामायिक संगणकावर पुढच्याला सापडेल, म्हणून सर्व्हरमध्येच. आपोआप ताज्या होणाऱ्या पानांच्या मागण्या हजेरी म्हणून मोजल्या जाऊ नयेत. जँगोत यांतल्या मुदतीच्या आणि कुकीच्या गोष्टी सेटिंगच्या फाइलमधल्या चार-पाच ओळी आहेत. पडदा झाकणे आणि मसुदा जपणे यांसाठी थोडे काम करावे लागते, पण त्यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा: आणीबाणीत पिन विचारत बसलात तर रुग्ण दगावेल. आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तरही जुने आहे. आगीच्या घंटेवरची काच फोडायची मुभा सर्वांना असते, पण काच फुटलेली सर्वांना दिसते. तसा आणीबाणीचा प्रवेश ठेवावा, तो कोणालाही मिळावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विभागप्रमुखाने तो का वापरला गेला हे पाहावे. दुसरा आक्षेप खर्चाचा. कार्ड वाचणारी यंत्रे आणि त्यांची देखभाल यांना पैसे लागतात हे मान्य. पण पिनला लागत नाहीत. बोटांच्या ठशांचा हट्ट मात्र वॉर्डात धरू नये. हातमोजे, ओले हात आणि वारंवार धुऊन झिजलेली त्वचा यांच्यापुढे ते यंत्र हात टेकते.

कायदा काय म्हणतो? अमेरिकेच्या आरोग्यमाहिती सुरक्षा नियमांत प्रत्येकाची स्वतंत्र ओळख सक्तीची आहे. आपोआप लॉगआउटचाही उल्लेख आहे, पण मिनिटे सांगितलेली नाहीत. ती ज्या त्या संस्थेने आपले काम पाहून ठरवायची. हे शहाणपणाचे आहे, कारण अतिदक्षता विभाग आणि बिलांची खिडकी यांना एकच मुदत लावणे चूक. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माहितीच्या वाजवी सुरक्षेची जबाबदारी टाकतो आणि त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये १४ अंकी आभा क्रमांकाने निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी जोडल्या जात आहेत. पूर्वी उघड्या राहिलेल्या स्क्रीनवरून एका रुग्णालयातला एक केसपेपर दिसत असे. नोंदी जोडल्या गेल्या की त्याच स्क्रीनवरून मानसोपचारापासून गर्भपातापर्यंत माणसाचे सगळे आजारपण दिसू शकेल, रुग्णाने संमती दिलेली असो वा ती दुसऱ्याच कामासाठी असो.

रुग्णांनाही यात थोडे लक्ष घालता येईल. गावाकडे लॅबचा रिपोर्ट पाहायला लोक सेवा केंद्रात किंवा ओळखीच्या दुकानात जातात. रिपोर्ट छापून घेतला, खिडकी बंद केली, की झाले असे वाटते. पण खिडकी बंद करणे म्हणजे लॉगआउट नव्हे. काही ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्यावर आधीची सगळी पाने, लॉगिनसकट, परत आणतात. ‘लॉगआउट’ असे लिहिलेल्या जागी बोट दाबायला सांगावे, आणि पान पुन्हा उघडून पासवर्ड मागते का ते उभ्या उभ्या पाहावे.

राहिला प्रश्न हे घडवणार कोण. वॉर्डातल्या निवासी डॉक्टरच्या हातात सेटिंगची फाइल नसते, आणि ज्याच्या हातात असते तो प्रोग्रामर कधी वॉर्डात रात्रभर बसलेला नसतो. या दोघांची गाठ पडायची जागा एकच: निविदा. रुग्णालयाच्या संगणक प्रणालीच्या निविदेत संगणक किती, प्रिंटर किती, प्रशिक्षणाचे दिवस किती हे तपशिलाने लिहिलेले असते. त्यातच आणखी चार अटी घालता येतील. एका माणसाकडून दुसऱ्याकडे स्क्रीन जायला दहा सेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत. सेशन संपले तरी टाइप केलेला मजकूर जाऊ नये. खाते बंद केल्यावर त्या नावाने एकही मागणी मान्य होऊ नये. धोक्याच्या ऑर्डरला ओळख पुन्हा विचारली जावी. स्वीकृतीची चाचणी कंपनीच्या सभागृहात प्रोजेक्टरवर न होता एखाद्या चालू वॉर्डात, ड्युटी बदलण्याच्या वेळी, रात्री आठ ते नऊच्या दरम्यान व्हावी, आणि घड्याळ लावून बसायला एखाद्या अनुभवी सिस्टरांना सांगावे.